डालग्याखालची पिल्लं

कडूमावशी आमच्या पूर्णेतल्या बिल्डिंगीत राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या सामानात बांबूचं एक मोठं डालगं होतं. माझं तोंड गप्प बसतंय होय? विचारलंच, "मावशी, गच्चीवर कोंबड्या पाळायच्या का काय?"

"न्हाई गं राजेश्री. मेंढरं चरायला गेली की मागं ऱ्हायलेली कवळी कोकरं याच्याखाली झाकायची. आता मेंढरं इकली. पर हे टाकवंना."

नवरा गेला, मुलगा शिवशंकर इथं रेल्वेत, म्हणून त्या आल्या. चारठाण्याकडच्या माळावर त्यांचे दीर तात्याराव अजून कळप राखून आहेत. "मला एकदा माळावर नेऊन सोड," मावशी दर महिन्याला म्हणायच्या. "नेतो की," शिवशंकर म्हणायचा. गेल्या साली त्या जिन्यात पडल्या आणि त्यानं त्यांच्या जाड चामड्याच्या वहाणाच कपाटावर टाकल्या. लेक गुणाचा, पण लय भित्रा.

उन्हाळ्यात मी कुरडया घालायला गच्चीवर गेले, तर एक टिटवी थेट अंगावर आली. मी तिला दोन शिव्या हासडल्या. सोबत आलेल्या मावशींनी मला हाताला धरून खाली बसवलं. "गप. नुस्तं बघ." बांधकामातली उरलेली खडी पडली होती, तिच्यात अंडी होती म्हणे. डोळ्यापुढं असून दिसेनात! दिसली, तेव्हा मग दुसरं काही दिसेना.

रोज बघायची सवयच लागली. टिटवी कुठूनतरी पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसायची. "उन्हाची गार करायलीय," मावशी म्हणायच्या. चेहरा असा उजळायचा त्यांचा, मला हेवाच वाटायचा. मग लगेच उतरायचाही.

"माळावर आत्ता चंडोल वरडत आसंल," त्या म्हणायच्या. "हितं बसल्या बसल्या आयकू येतंय मला. जीव लागंना बाई."

एका सकाळी पिल्लं निघाली. पाण्याच्या टाकीवर बोका बसलेला बघून मावशींनी धावत डालगं आणलं, पिल्लं झाकली, वर दगड ठेवला. "आता निर्धास्त," म्हणाल्या.

कशाचं निर्धास्त! टिटवी खालच्या रिकाम्या प्लॉटात गवतावर उतरली आणि ओरडायला लागली, ती थांबेचना. आत पिल्लं बांबूच्या फटींवर धडका मारत होती. दुपारपर्यंत तोच गोंधळ.

"मावशी, ही बया बोलावतेय हो त्यांना."

मावशींनी एकदा टिटवीकडं बघितलं, एकदा डालग्याकडं. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "आगं, मी बी येडीच! ही काय कोकरं हायत का? आईची वाट बघत बसायची जात न्हाई ही. तिच्या मागं चालायची हाय."

बोक्याला मी हाकललं, मावशींनी डालगं उचललं. आमच्या गच्चीला कठडा अजून बांधायचाच आहे. पिल्लं कडेपर्यंत पळाली आणि एकेक करून खाली उडी! पण गवतातून ती उठली आणि टिटवीच्या मागं तुरुतुरु निघाली, रुळांपलीकडच्या रानाकडं.

तेवढ्यात शिवशंकर ड्युटीवरून आला, वर चढला आणि ओरडला, "आई, कडंला जाऊ नको!" त्यानं त्यांचा हात घट्ट धरला.

मावशींनी हात सोडवला नाही. "शिवा, तू बी मला झाकूनच ठिवलंस रं. मायेनंच ठिवलंस, मला कळतंय. पर तिकडून माळ बोलवायलाय आन् मी हितं धडका मारायलेय."

त्यानं हात सोडला. खाली निघून गेला. मला वाटलं, रागावला. आम्ही खाली आलो तर हा दारात बसून वहाणांवरची धूळ पुसत होता. डोळे लाल झालेले. चामडं वाळून लाकूड झालं होतं. मावशींचा पाय आत जाईना.

"आई, दोन दिवस तेल लावू, मऊ होतील. मग माळावर जायला जिंतूरची गाडी धरू."

मावशींनी एका हातात तेलाची बाटली घेतली, दुसऱ्या हातात वहाणा.

"तेल मी गाडीत बसून लावते. तू आधी चल," म्हणाल्या आणि अनवाणीच जिना उतरायला लागल्या.