लिंब मी तोडायला लावला

चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात लोक अजून सांगतात, बापानं पोरगं मरणाच्या दारातून ओढून आणलं. पाच वर्षं मी ते ऐकून घेतलं. ते खोटं आहे.

कोरोनानं मुलाची फुप्फुसं निकामी झाली होती. हैदराबादच्या दवाखान्यात त्याचं रक्त नळीनं बाहेर काढून, यंत्रात प्राणवायू मिसळून परत अंगात सोडत. असे अडीच महिने. डॉक्टर म्हणायचे, दुसऱ्या कुणाची फुप्फुसं मिळाली तर बसवता येतील. कधी मिळतील, सांगता येत नाही.

त्याच साथीत माझा धाकटा भाऊ गेला होता. प्लास्टिकात गुंडाळलेला देह लांबून दाखवला, अग्नी परक्यानं दिला. मुलाची तपासणी मात्र आता निगेटिव्ह होती. आत्ता गेला तर देह हातात मिळेल, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. पुतण्याला फोन करून बांधावरचा कडुलिंब तोडायला लावला. ओलं लाकूड वाळायला दिवस लागतात.

मग सुनेला म्हणालो, "यंत्र काढून घरी नेतो म्हणून सही कर. लई हाल झाले त्याचे."

"मामा, ते डोळे उघडतात. काल नुसत्या ओठांनी इचारलं, जेवलीस का."

"आपल्या हातानं अग्नी तरी देऊ, बाई."

"तुमाला पोरगं नगं, मढं पायजे का?" बाकावरची माणसं वळून बघू लागली. "तुमी गावाकडं जा. मी सही करत न्हाई."

मी खरंच गेलो. फुप्फुसं मिळाल्याचा फोन आला, तेव्हा लाकडांवर ताडपत्री टाकत होतो. पुढं मुलगा घरी आला. दवाखान्यात शेवटपर्यंत बापच बसून होता, असं समजून गावानं हार माझ्या गळ्यात घातला. सून गप्प राहिली.

यंदा त्याचं शरीर ती फुप्फुसंही नाकारू लागलंय. चार पावलांत धाप लागते. परवा म्हणाला, "आबा, तुमच्यामुळं एवढी वर्षं मिळाली." मला सहन झालं नाही. सगळं सांगितलं.

दम घेत त्यानं विचारलं, "तिला म्हणालात का कधी, तुझं बरोबर होतं म्हणून?"

"न्हाई."

"मग मला काय सांगता?"

संध्याकाळी शेतातून आलो, तेव्हा स्वयंपाकघरात ती त्याच्यासाठी पाणी उकळत होती. मी तोंड उघडलं. मागं न बघता म्हणाली, "मामा, बाहेरून आलात ना? आधी हात धुवा."

धुऊन आलो, तर ती त्याच्या पाठीला उशी लावत होती. माझ्याच्यानं बोलवलं नाही. म्हणून लिहून ठेवतो. त्याला तिनं वाचवलं. मी सरण रचलं होतं.