पेवातली हळद आणि सांगलीचं कोर्ट

लढाईच्या दिवसांत साताऱ्यात आमचा कुंकवाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, मागच्या पडवीत बसवलेली एक चक्की, कामाला दोन बायका आणि मी. हळद सांगलीहून यायची. ती आणायला आमचे हे जायचे आणि टोपीपासून धोतरापर्यंत पिवळे होऊन यायचे. पुन्हा लग्न लावून आलात की काय, असं मी चिडवायचे.

सांगलीच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, आणि हात धरला की सौदा पक्का. ना कागद, ना साक्षीदार. एका वर्षी ह्यांनी असाच एका अख्ख्या पेवाचा सौदा केला. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठी. तिच्यात हळद साठवून ठेवतात. पेव उघडलं तर खालची निम्मी हळद ओल लागून काळी पडलेली. ह्यांनी माल नाकारला. व्यापाऱ्यानं सांगलीच्या कोर्टात दावा ठोकला.

साताऱ्याचे आमचे वकील निर्धास्त होते. "सांगली संस्थान वेगळं, आपण इंग्रजांच्या मुलखात," ते म्हणाले. "तुम्ही तिकडं फिरकूच नका. तिथला निकाल इथं बजावताना त्यांच्या नाकी नऊ येतील. पण एकदा का तिथं उभे राहिलात, की ते कोर्ट तुम्ही मानलंत. मग चक्की गेली समजा."

ह्यांनी घरी येऊन पिशवी भरायला घेतली.

"आवं, वकील काय बोलले ते ऐकलं न्हाई का?"

"ऐकलं. पर न्हाई गेलो तर बाजार म्हणंल, हात देऊन पळाला. मग माझा हात कोण धरंल?"

माणूस सरळ, पण हट्टाला दगड बरा. मी तणतणत दशम्या बांधून दिल्या आणि लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं हे सांगलीला गेले.

तिथं काय झालं ते परत आल्यावर त्यांनीच सांगितलं. समोरच्या वकिलानं विचारलं, रुमालाखाली हात धरला होता का? पाहणारं कुणी नव्हतंच. नाही म्हणाले असते तर दावा तिथंच आडवा झाला असता. हे म्हणाले, "व्हय, धरला. पर हळदीसाठी धरला, चिखलासाठी न्हाई." कोर्टात हशा पिकला म्हणे. निकाल मात्र विरुद्ध गेला. सौदा कबूल, तर माल उचला.

मालाचे पैसे भरायला चक्की विकावी लागली. त्या दोघी बायका दुसरीकडं कामाला गेल्या. निकाल लागेपर्यंत ओल वरच्या हळदीलाही लागली होती; जी थोडी बरी उरली ती मी उखळात कांडली. रागानं कांडतेस म्हणून पूड बारीक होते, असं हे म्हणायचे, आणि मला आणखी राग यायचा.

पुढच्या हंगामात माल आणायला जवळ काही उरलं नव्हतं. एका दुपारी दारात मोटार थांबली आणि हळदीची पोती उतरू लागली. बरोबर सांगलीचा एक अनोळखी व्यापारी होता.

"आमी काय मागवलं न्हाई," हे म्हणाले.

"ठावं हाय. त्या दिवशी मी कोर्टात बसलो हुतो," तो म्हणाला. "चक्की पुन्हा बसवा. पैशाचं सवडीनं बघू."

"कागद करून देतो."

"तुमच्याकडनं कागद कशाला?"

ह्यांनी पहिलं पोतं पाठीवर घेतलं. मी आत जाऊन चहा ठेवला. पदरी दोन मुलं होती, संसार जुना झाला होता, पण नवरा मला इतका कधी आवडला नव्हता.