वाकड्या स्प्रिंगचा आवाज

पस्तीस वर्षे मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. म्हणजे इतरांनी सिद्ध केलेल्या गोष्टी फळ्यावर उतरवल्या. स्वतःविषयी काही लिहिण्याचे धाडस साठी उलटल्यावर करते आहे, आणि तेही एका बंदुकीच्या निमित्ताने. हा आगाऊपणा वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी.

आई गेल्यानंतर माझ्या दुपारी रिकाम्या झाल्या. अकरा वर्षे दोनला औषध, तीनला तिची कूस बदलणे, चारला चहा असा क्रम होता. तो थांबला तेव्हा मला दुःख व्हायला हवे होते. तसे काही झाले नाही. मी दोनला उठे, तीनला उठे, चारला दोन कप चहा करी आणि एक ओतून देई. एका परिचित बाईंनी मला नेमबाजीच्या वर्गाला नेले. तिथे बोलावे लागत नाही, शेजारच्याकडे पाहावेही लागत नाही, एवढ्यासाठी मी जात राहिले. घरच्या सरावाला एखादी जुनी स्प्रिंगची रायफल घ्या, असे तिथल्या प्रशिक्षकांनी सुचवले. तिची नळी खाली वाकवली की आतला दट्ट्या स्प्रिंग दाबत मागे जातो. खटका ओढला की स्प्रिंग सुटते आणि दट्ट्याने रेटलेल्या हवेबरोबर छर्रा बाहेर पडतो. परवाना लागत नाही, हे मी त्यांना दोनदा विचारून घेतले.

कर्वेनगरातल्या एका वाण्याच्या दुकानात कागद चिकटवलेला दिसला : ‘एअर रायफल विकणे आहे. चालत नाही. का चालत नाही, हे विचारण्यास येऊ नये.’

मी गेले. दार त्या घरच्या सुनेने उघडले. तिचे सासरे खिडकीपाशी बसले होते. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. इमारत पुनर्विकासासाठी पाडायची होती आणि महिनाअखेरीस सगळे कुटुंब बंगळुरूला जाणार होते.

“तुम्ही उडवणार?” माझा आवाज ऐकून त्यांनी विचारले.

“शिकते आहे.”

“शिका. घाई काय आहे?”

रायफल त्यांच्या मुलीची. ती रोज दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून गॅलरीतल्या खोक्यावर नेम धरायची. आजारपणात ती गेली, त्याला सहा वर्षे झाली. रायफल त्याच्या थोडी आधीच अडकून बसली होती. देताना त्यांनी एक अट घातली.

“दुरुस्त झाली की एकदा इथे आणा. आम्ही निघायच्या आत. मला आवाज ऐकायचाय.”

“कसला?” मी विचारले.

“बंदुकीचा. सनईचा येत असता तर विकली असती का?”

सून जिन्यापर्यंत सोडायला आली. खालच्या सुरात म्हणाली, “ताईंचा बोलतानाचा एकही आवाज उरलेला नाही हो आमच्याकडे. फोन बिघडला, त्यातलं सगळं गेलं. फोटो आहेत, पण बाबांना ते दिसत नाहीत. तेवढं जमवाच.”

मी हो म्हणाले. फार सोपे वाटले मला ते.

मंडईच्या मागच्या बोळात एक वयस्क कारागीर अशा बंदुका दुरुस्त करतात. त्यांचे वडील जत्रांतल्या फुगे फोडायच्या बंदुका नीट करून देत. त्यांनी रायफल शिकंज्यात आवळली, मागची पिन हातोडीने हलकेच ठोकून काढली आणि शिकंजा सैल करत स्प्रिंग बाहेर येऊ दिली. तिचे दोन तुकडे झाले होते. दट्ट्याच्या तोंडाची चामड्याची वाटी पापडासारखी कडक झाली होती.

“खोबरेल घातलंय कुणीतरी,” वाटी हुंगत ते म्हणाले. “बंदुकीला केस यावेत म्हणून असेल.” मग मोडकी स्प्रिंग फरशीवर घरंगळवून दाखवली. “ही बघा मॅडम, मोडायच्या आधीपासून वाकडी. उडवली की ट्यांऽग करून वाजत असणार. नवी घालतोच आहे. गप्प करू, की थोडी वाजती ठेवू?”

“वाजणे हा दोषच ना?”

“दोषच. पण काहींना आवडतो.”

“मग काढून टाका. काही अर्धवट नको.”

छर्रा सुटल्याचा आवाज तर येणारच होता. आवाज म्हणजे तेवढाच, अशी माझी समजूत होती. आणि ती तपासून पाहावी असे प्रयोगशाळेत आयुष्य घालवूनही मला वाटले नाही. त्यांनी नवी स्प्रिंग, नवी वाटी घातली, दाट ग्रीस भरले. लाकडी दस्त्याचे काम मी घरी केले. आठ दुपारी सँडपेपरने घासले, जवसाचे तेल मुरवले. गाल टेकून टेकून एका जागी लाकूड काळे पडले होते, ते उजळ झाले. खालच्या अंगाला नखाला लागतील अशा बारीक खाचा होत्या, त्याही गेल्या. घासताना मला काही वाटत नव्हते. दोनचे तीन होत, तीनचे चार होत, एवढेच.

ठरल्याप्रमाणे मी रायफल घेऊन गेले. सुनेने गॅलरीचे दार लावून घेतले आणि जुन्या चादरी ठासून भरलेले खोके त्याला टेकवून ठेवले. सासऱ्यांनी पंखा बंद करायला सांगितला. मी नळी वाकवली, छर्रा घातला आणि खटका ओढला. ठप्प असा आखूड, नीटस आवाज आला. प्रशिक्षकांनी कौतुक केले असते.

“पुन्हा,” ते म्हणाले.

मी पुन्हा उडवली.

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा उडवल्यावर त्यांनी हात पुढे केला. रायफल मांडीवर घेऊन ते दस्ता चाचपू लागले. बोटे खालच्या अंगाने पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

“ही ती नाही,” ते म्हणाले. “अहो बाई, मोडली असेल तर मोडली म्हणून सांगायचं. दुसरी कशाला आणली?”

“तीच आहे. फक्त स्प्रिंग बदलली. लाकूड मी घासले.”

“घासलं,” ते म्हणाले, आणि रायफल मला परत दिली. सुनेने पंखा लावला.

मी तिथूनच मंडईला गेले. जुनी स्प्रिंग भंगारात गेली होती. “मी विचारलं होतं,” कारागीर म्हणाले. ते खरेच होते. मी त्यांना सगळे सांगितले. एवढे मी कुणाशी बोलल्याला बरेच दिवस झाले असावेत. त्यांनी हातातले काम बाजूला ठेवले.

“वाकड्या स्प्रिंगा माझ्याकडे पोतंभर आहेत. त्यांच्या बंदुकीचा आवाज कसा होता, ते सांगा.”

मला सांगता येईना. मी तो कधी ऐकलाच नव्हता. त्यांनी एकापाठोपाठ एक चार स्प्रिंगा घालून उडवून दाखवल्या. एक बारीक वाजे, एक खडखडे, एक दबून गेल्यासारखी, एक लांबवर झणझणत राही. “यातली कुठली?” ते प्रत्येक वेळी विचारीत. शेवटी मी चौथीवर बोट ठेवले. त्याला कारण काही नव्हते.

ते कुटुंब निघण्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. भिंतीशी पुठ्ठ्याची खोकी रचलेली. बसायला दोनच खुर्च्या उरल्या होत्या. स्प्रिंगविषयी कुणी काही विचारले नाही, मीही सांगितले नाही. पंखे उतरवलेले होते, त्यामुळे खोलीत कसलाच आवाज नव्हता. मी उडवली. स्प्रिंग झणझणू लागली, आणि ते झणझणणे विरण्याच्या आतच सासरे म्हणाले,

“हीच.”

सून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्यांनी माझ्या दिशेने मान हलवली. “हीच,” ते पुन्हा म्हणाले. “त्रास झाला तुम्हाला.” आणखी एकदा उडवा, असे मात्र ते म्हणाले नाहीत.

त्यांना बंगळुरूला जाऊन सात महिने झाले. नवी स्प्रिंग पुन्हा बसवून घ्या, नाहीतर दट्ट्या खराब होईल, असा कारागिरांचा निरोप दोनदा आला. रायफल अजून तशीच आहे. दुपारी मी ती उडवते आणि आवाज पूर्ण थांबेपर्यंत उभी राहते. त्याला किती वेळ लागतो हे आता मला पाठ झाले आहे. सासऱ्यांनी तेवढा वेळ घेतला नव्हता.

त्यांना तो आवाज खरोखर ओळखू आला होता, की त्यांनी फक्त मला मोकळे केले? तुम्हाला काय वाटते?