वायच कसर

शालनकाकी. मी आज जो काही आहे तो जिच्यामुळे आहे, तिचं नाव आधी लिहून टाकतो. पुढे लिहिताना हात थांबला तरी निदान हे नाव कागदावर राहील. यापुढचं मी आजवर तोंडानं कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? मलाही नीट माहीत नाही.

मी कुडाळकडच्या एका लहान गावातला, आमच्या घरातला पहिला पदवीधर. बारावीनंतर मुंबईत आलो तेव्हा लालबागच्या एका चाळीत शालनकाकी आणि बाबलकाकानं मला ठेवून घेतलं. सख्खे नव्हेत, आमच्या वाडीतले, एवढंच नातं. खोली एकच. मी अभ्यासाला बसलो की काका वळकटी उचलून गॅलरीत झोपायला जायचा. "माका आत उकडता रे," म्हणायचा. थंडीतही त्याला उकडायचं. माझ्या शिक्षणात त्या दोघांनी कसलीच कसर ठेवली नाही.

कसर... बघा, आलाच तो शब्द. मी त्याच्याभोवतीच फिरतोय.

आमच्याकडे अंग जरासं गरम लागलं तर त्याला ताप म्हणत नाहीत. ताप म्हणजे माणूस अंथरुणाला खिळायला हवा. त्याच्या अलीकडचं सगळं म्हणजे 'वायच कसर'. वायच म्हणजे थोडीशी. हे मला कुणी शिकवलं नाही. आईच्या तोंडून ऐकत मोठा झालो.

मी बीएस्सी झालो आणि साथींवर लक्ष ठेवणाऱ्या एका पथकात नोकरीला लागलो. आमच्या कामात उंदीर आधी बोलतात, माणसं नंतर. वस्तीत मेलेले उंदीर गोळा करून तपासायला पाठवायचे. त्यांच्यात लेप्टोचे जंतू सापडले की त्या गल्लीत घरोघर जाऊन विचारायचं, कुणाला ताप आहे का? असेल त्याला लगेच दवाखान्यात न्यायचं, रक्त तपासायचं. उंदराच्या मुतानं खराब झालेल्या पाण्यातून हा आजार येतो. पायाला लहानशी चीर असली तरी पुरते.

एका बैठकीत मी सहज बोलून गेलो की अमुक घरातल्या बाईंना कसर आहे. आमचे डॉक्टर हसले. "कसर? म्हणजे काय, सेलमधली सूट?" सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा जरा जोरात. डॉक्टर वाईट नव्हते हो, ते दुसऱ्या दिवशी विसरूनही गेले असतील. मी नाही विसरलो. त्या दिवसापासून हा शब्द मी तोंडातून येऊ दिला नाही.

आणि मग उंदीर सापडले ते काकीच्याच गल्लीत.

पावसाचं पाणी चाळीच्या चौकात तुंबून नुकतंच ओसरलं होतं. पाहणीला डॉक्टर स्वतः माझ्याबरोबर आले होते. एकेक दार करत आम्ही त्या दाराशी आलो. तोवर मी स्वतःची खोली घेतली होती, काकीकडे जाणं कमी झालं होतं. काका उंबऱ्याशी बसला होता, पोटऱ्या दाबत. टाचेच्या भेगेला हळद लावलेली. मला बघून त्याचा चेहरा फुलला. आतून काकीचा आवाज आला, "इलंस? चाय टाकतंय हां. सायबाक आमची चाय चलता मां अजून?"

मी काय केलं? "ड्यूटीवर आहे," म्हणालो. आणि परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "घरात कुणाला ताप आहे का?"

काकानं पोटऱ्या दाबायचं थांबवलं. मग हसून म्हणाला, "ताप नाय रे. वायच कसर हा."

डॉक्टरांना मालवणी कळलं नाही. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणतायत?"

इथे मला खरं बोलता आलं असतं. एक वाक्य होतं फक्त. पण ते बोललो असतो तर तो शब्द पुन्हा माझ्या तोंडून निघाला असता. ही हळद लावलेली टाच, हा उंबरा माझा आहे, हे डॉक्टरांना कळलं असतं. मी म्हणालो, "काही नाही सर. ताप नाही म्हणतायत." आणि मोबाइलवरच्या पाहणीच्या फॉर्ममध्ये 'नाही'वर बोट ठेवलं. पुढच्या दाराकडे वळताना काकीच्या हातात कप दिसला. मी थांबलो नाही.

उंदरांचं मी ऐकलं होतं. माणसाचं नाही ऐकलं.

त्याच आठवड्यात काकाचे डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला होता. वेळेवर गेला असता तर वाचला असता का? खात्रीनं कोण सांगणार? पण त्याच गल्लीतले दोघे, ज्यांचा ताप मी नोंदवला होता, ते आज हिंडतायत.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. नाही... पुढे आहे.

काकाचे दिवस झाल्यावर मी काकीकडे गेलो. तिनं मला जेवायला वाढलं. वाढता वाढता म्हणाली, "मी आतच होतंय मां. तेंनी कसर म्हटल्यानी नि मी गप रवलंय. ताप म्हटला असता तर तू लिवलं असतंस. शिकलेल्या माणसाक कळात असा बोलाक व्हया होता."

शिकलेला माणूस म्हणजे मी. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. तिनं आणखी आमटी वाढली. मी तीही खाल्ली.

त्यानंतर किती वेळा भेटलो! दर वेळी वाटायचं, आज सांगू. दर वेळी ती स्वतःलाच बोल लावायची आणि मी लावू द्यायचो.

आता ती गावी मुलाकडे असते. परवा त्याचा फोन आला होता. हसत सांगत होता, "आईचा काय तरीच चल्ला हा. घरात कुणाक 'कसर' म्हणूक देत नाय. नातवाचा अंग कोमट लागला तरी रिक्षा करून दवाखान्यात. डॉक्टराक दोन-दोनदा सांगता, ताप हा, ताप हा!"

तो हसत होता. मी फोन ठेवला आणि पत्र लिहायला बसलो. ते पाठवलं आहे. त्यात एवढंच होतं:

ती. शालनकाकीस,

साष्टांग नमस्कार.

काका त्या दिवशी 'वायच कसर हा' म्हणाला, तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं होतं, काय म्हणतायत. मी सांगितलं, ताप नाही म्हणतायत. तुम्ही माझी माणसं आहात हे त्यांना कळू नये, असं मला वाटलं. तू मला जेवायला वाढत होतीस तेव्हाही हे मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो.

तुमच्या बोलण्यात काही चूक नव्हती. काकानं सांगितलं होतं. मला कळलं होतं.

प्रकाश