कंपनीच्या बापाचं नाव

वकिलाच्या ऑफिसात किस्से कुणी जमवत नाही, ते फाईलीसोबत आपोआप वाढतात. तारखेला कोर्टात जायचं, बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. हाती निकाल नसतो, पण घरी सांगायला काहीतरी असतं. चंद्रपूरला रामटेके सरांच्या हाताखाली मी वकिली शिकले, आणि त्यातली बरीच वर्षं एका दवाखान्याच्या केसमध्ये गेली. आता ती केस मिटली, दवाखाना सुरू आहे, आणि ज्यांच्याविरुद्ध आम्ही भांडलो ते मधुकरभाऊ रस्त्यात दिसले की चहा पाजतात. त्यामुळे सांगायला हरकत नाही.

आधी भानगड काय ते सांगते. मूल गावाहून गडचिरोलीकडे जाताना जंगलाला लागून एका डॉक्टरांनी दवाखाना काढला. स्वतःची चार एकर जमीन दिली, आणि ती कुणा एकाच्या घरात जाऊ नये म्हणून धर्मादाय कंपनी काढून तिच्या नावावर केली. ही कंपनी नफा वाटणारी नव्हती, लोकांचं औषधपाणी करणारी होती. डॉक्टर वारले. त्यांचे पुतणे मधुकरभाऊ कंपनीत संचालक होते. त्यांनी ती जमीन आपल्याच एका नव्या संस्थेच्या नावावर करून टाकली. बाकीचे संचालक धावत आमच्याकडे आले. साप चावला, बाळंतपण अडलं की आसपासच्या गावांना तोच एक दवाखाना. मी स्वतः तिथं जन्मले. त्यामुळे सरांना ती केस होती, मला ती घरची गोष्ट होती.

* * *

पहिला घोळ सातबाऱ्यात निघाला. सातबारा कॉम्प्युटरवर चढवताना कुण्या ऑपरेटरसमोर खातेदार म्हणून कंपनी आली. खातेदाराचं नाव टाकलं, पुढचा रकाना वडिलांच्या नावाचा. तो भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकेना. त्या माणसानं बिचाऱ्यानं दवाखान्यात येऊन विचारलं, कंपनीच्या बापाचं नाव काय? तिथं कुणीतरी डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्यानं ते टाकलं आणि सुटला.

हा कागद मधुकरभाऊंच्या वकिलांना सापडला. ते खूश. कोर्टात म्हणाले, बघा, सरकारी कागदावर डॉक्टरांचं नाव आहे, म्हणजे जमीन त्यांची खाजगी. डॉक्टरांना मूलबाळ नाही, तेव्हा वारस पुतण्या.

मी घाबरले. सर मात्र चष्मा पुसत सावकाश उठले. ते म्हणाले, कागद आम्हाला मान्य आहे. तो पूर्ण वाचावा एवढीच विनंती.

"यात डॉक्टरांचं नाव बाप म्हणून आहे, साहेब. मुलगी हयात असताना पुतण्या वारस कसा होतो?"

न्यायाधीश साहेबांनी तोंडासमोर फाईल धरली. फाईल बराच वेळ हलत होती.

* * *

दुसरं प्रकरण सभेचं. संचालकांत फूट पडल्यावर दोन्ही गटांनी वार्षिक सभा बोलावली. दिवस तोच, वेळ तीच, हॉलही तोच. एक गट खिडकीकडे बसला, दुसरा दाराकडे. दोन अध्यक्ष, दोन ठराव: एक जमीन संस्थेला द्यायचा, दुसरा ती परत घ्यायचा. पुढे दोघंही कोर्टात सांगू लागले की खरी सभा आमचीच, दुसरी झालीच नाही.

हजेरीचं रजिस्टर मागवलं, तर त्यात सगळ्यांच्या सह्या एकाखाली एक. दवाखान्याचे जुने शिपाई नानाजी दारातच रजिस्टर घेऊन उभे होते, शेजारी चहाचं पातेलं, म्हणजे आमच्याकडचा गंज. सही केल्याशिवाय कोणाला चहा नाही, हा डॉक्टरांचा नियम. गट कोणताही असो, चहा सगळ्यांनाच पाहिजे होता.

नानाजींना साक्षीला बोलावलं. इस्त्रीचा सदरा घालून आले, पिंजऱ्यात ताठ उभे राहिले. समोरच्या वकिलांनी त्यांना तासभर फिरवून फिरवून विचारलं. शेवटी न्यायाधीश साहेबांनीच सरळ विचारलं, त्या दिवशी सभा किती झाल्या?

"एकच, साहेब," नानाजी म्हणाले. "दोन असत्या तं मी चहाचा गंज दोनदा मांडला असता न."

एकाच सभेत दोन उलटे ठराव कसे, म्हणून दोन्ही गेले. बाहेर आल्यावर नानाजींनी मला हळूच विचारलं की मी काही चुकीचं तर बोललो नाही ना. मी म्हटलं, नानाजी, तुम्ही आमचाही ठराव पाडला. त्यावर ते म्हणाले, "मंग चहा तरी एकत्र बसून पेत जा."

* * *

ठराव गेले तरी मधुकरभाऊंकडे एक जुना कागद होता. डॉक्टर हयात असतानाच कंपनीनं मधुकरभाऊंना जमीन द्यायचं ठरवलं होतं, असा. खाली डॉक्टरांची सही, वर गोल शिक्का. सही इतकी हुबेहूब की आमच्याच एका संचालकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

सर तो कागद दोन दिवस घेऊन बसले. जेवताना समोर, गाडीत मांडीवर. मग तारखेला त्यांनी मधुकरभाऊंना एकच प्रश्न विचारला. शिक्क्यावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा.

मधुकरभाऊंनी वाचलं, "रुग्णसेवा."

"नीट पाहून सांगा. सेवाच लिहिलंय न?"

"सेवाच आहे. सेवाच लिहील न कोणीही."

तेव्हा सरांनी दवाखान्यातला खरा शिक्का टेबलावर ठेवला. बल्लारपूरच्या एका कारागिरानं तो बनवला होता आणि त्यात 'रुग्णशेवा' असं कोरलं होतं. डॉक्टरांनी तो कधी बदलला नाही. कारागीर त्यांचाच पेशंट, त्याला वाईट वाटेल म्हणून. दवाखान्याच्या प्रत्येक कागदावर ती चूक होती. शुद्ध मराठी फक्त मधुकरभाऊंच्या कागदावर सापडली.

* * *

मग कंपनीची जमीन नेमकी कुठवर ते ठरवायला मोजणी लागली. त्या दिवशी मी एकटीच गेले, सर आजारी होते. डॉक्टरांच्या दानपत्रात पूर्वेची हद्द 'मोहाचे झाड' एवढीच लिहिलेली. पूर्वेला पाहावं तिकडे मोह. मधुकरभाऊ म्हणाले अलीकडचं झाड, मी म्हटलं नाल्याजवळचं. मधल्या पट्ट्यात बाळंतिणींची खोली होती, त्यामुळे मीही हटेना. भूमापक वैतागून सावलीत बसले.

तिथं कौसल्याबाई आल्या. जन्मभर त्याच पट्ट्यात मोह वेचणाऱ्या. त्यांना विचारलं, तर त्या अलीकडच्या झाडाकडे पाहून हसायलाच लागल्या.

"हे? डॉक्टर आले तवा हे माह्या बकरीनं तीनदा खाल्लं होतं, बाप्पा."

भूमापकांनी अहवालात लिहिलं, आणि ते मला अजून पाठ आहे: 'सदर वृक्ष दस्ताच्या वेळी बकरीच्या तोंडाच्या उंचीचा असल्याने हद्दनिशाणी ठरत नाही.' त्या रात्री मी सरांना फोनवर ते वाचून दाखवलं. ते एवढे हसले की खोकला वाढला आणि त्यांच्या बायकोनं, आमच्या मॅडमनी, फोन हिसकावून आपटला.

* * *

शेवटी सगळी केस एका मुद्द्यावर येऊन थांबली. मधुकरभाऊंनी प्रतिज्ञापत्र दिलं की दवाखाना चार वर्षांपासून बंद आहे, कंपनीचा हेतू संपला, आता जमीन अडवून ठेवण्यात अर्थ नाही. आम्ही म्हटलं सुरू आहे. कोर्टानं एका वकीलबाईंना कमिशनर नेमलं आणि जागेवर जाऊन काय दिसतं ते लिहून आणायला सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा व्हरांड्यात पेशंट बसले होते. मला हायसं वाटलं, पण मधुकरभाऊ लगेच म्हणाले की ही माणसं आजच्यापुरती जमवून आणली आहेत. कमिशनरबाईंनी पेशंटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काहीच लिहिलं नाही. रांग खोटी नाही हे मी सिद्ध तरी कसं करणार?

मग मधुकरभाऊ त्यांना मागच्या बाजूला पडका वॉर्ड दाखवायला घेऊन गेले. छत कोसळलेलं, छपराच्या कवेलूंचा ढीग पडलेला. बंद म्हणजे किती बंद ते दाखवायला त्यांनी एक कवेलू उचललं. खाली विंचू होता.

माणूस कळवळला. मी एका बाजूनं धरलं, कमिशनरबाईंनी दुसऱ्या. गडचिरोलीला न्यावं का, असं त्या विचारत होत्या, तोवर मधुकरभाऊच आम्हाला ओढत दवाखान्याकडे निघाले. कोणत्या दारातून जायचं, उजवीकडे की डावीकडे, आम्हाला काही सांगावं लागलं नाही. सरळ जाऊन ते इंजेक्शनच्या खोलीतल्या स्टुलावर बसले आणि डोळे मिटून हात पुढे केला.

शेवंताबाई तिथल्या सगळ्यांत जुन्या नर्स. त्यांनी हात पाहिला, सुई भरली आणि रोजच्यासारखं रजिस्टर पुढे ओढलं. मान वर न करताच विचारलं, "केसपेपर नवा काढू का भाऊ?"

"नवा कायले?" मधुकरभाऊ डोळे मिटूनच कण्हले. "जुना आहे न. मागच्या पावसाळ्यातच तं काढला, पाहा कपाटात."