पुलीवरचा चारशे सतरा

२० एप्रिल, रविवार. आज फोरमनसाहेबांच्या गॅरेजमधली हत्यारं पुसून खोक्यांत भरली. साहेब जानेवारीत गेले. मुलगा कॅनडात असतो. त्याचा फोन आला, "ताई, महिनाअखेर घराचा ताबा द्यायचाय. हत्यारांतलं मला काही कळत नाही, तुम्हीच बघा." मला कळतं, कारण ती कशी धरायची ते साहेबांनीच शिकवलं होतं. म्हणून गेले. त्याआधी तीन वर्षं मी त्या घराची पायरी चढले नव्हते.

प्रत्येक पान्यावर, प्रत्येक कानशीच्या मुठीवर ४१७ ठोकलेला होता. हा त्यांचा कारखान्यातला टोकन नंबर. ज्याने लेथवर पीस कातला त्याने त्यावर आपला नंबर अंकांच्या पंचाने ठोकायचा, असा मशीनशॉपमधला नियम. बाकीचे लोक तो नियम संध्याकाळी गेटवर ठेवून घरी जायचे, साहेब तो बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये घेऊन यायचे. शेजारणीच्या कुकरची मूठ बसवली, ४१७. गणपतीच्या मांडवाचा वाकलेला खांब सरळ केला, ४१७. माझ्या डब्याची कडी निखळली होती, ती लावून दिली, त्यावरही ४१७. माझा नवरा म्हणायचा, "आपलं लग्न तुझ्या साहेबांनी जुळवलं नाही हे बरं. कपाळावर नंबर आला असता."

मी टर्नर ट्रेडमध्ये, म्हणजे लेथवरच्या कातकामात, अप्रेंटिस म्हणून गेले तेव्हा शॉपमध्ये दुसरी मुलगी नव्हती. पहिल्या दिवशी साहेबांनी मला लेथसमोर उभं केलं आणि नागपुरी हेलात सांगितलं, "देशकर, वेणी आत, बांगड्या बाहेर, अन् रडायचं असन तर चहाच्या सुटीत." एवढंच स्वागत. पुढची पंचवीस वर्षं त्यांनी मला आडनावानेच हाक मारली. मला ते आवडायचं. पोरी, बेटा, मॅडम म्हणणारे पुष्कळ होते.

तिसऱ्या महिन्यात माझ्या हातून एक बुश, म्हणजे दांड्यावर बसणारं नळकांडं, जास्त कातला गेला. मी तो नंबर न ठोकताच लोखंडाच्या किसात दडवला. साहेबांनी कीस उपसून तो बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे कोणाचं?" त्यांनी पंच आणि हातोडी माझ्यापुढे ठेवली. "चांगल्यावर नंबर टाकाले कोणीही तयार असते. खराबावर टाक, मग मी तुले टर्नर म्हणीन." मी ठोकला. माझा नंबर तेव्हा ३८ होता. तो बुश आठवडाभर माझ्या लेथवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवायची शिक्षा होती. सोमवारी साहेबांनी तो उचलला, आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. शिक्षा संपली की संपली, हा त्यांचा दुसरा नियम.

कारखान्यात मी कायम झाले नाही. इकडेतिकडे नोकऱ्या करून शेवटी एका मोटारींच्या शोरूममध्ये वॉरंटीच्या टेबलावर बसले, अजून तिथेच आहे. काम सोपं आहे. गिऱ्हाइकाची गाडी बिघडते, त्याला वाटतं कंपनी भरून देईल, आणि बहुतेक वेळा कंपनी का देणार नाही ते मी त्याला खुर्ची देऊन, पाणी देऊन सांगते.

त्याच शोरूममध्ये एका दुपारी साहेब आले. त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, जाऊन वर्ष झालं होतं. शाहपुऱ्याच्या तळ्याजवळ त्यांचा एक प्लॉट होता. त्यावर बांधायच्या घराचा नकाशा काकूंनी वीस वर्षं स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून ठेवला होता. साहेबांनी तो प्लॉट विकला. चुरगळलेला बुशशर्ट, पायात चपला, हातात कापडी पिशवी. सेल्समनला वाटलं, कोणाचा तरी ड्रायव्हर आहे. "अंकल, सर्विस पीछे है," तो म्हणाला. साहेब म्हणाले, "मालूम है. मुझे आगे वाली चाहिए." त्यांचं बोट काचेमागच्या लाल गाडीकडे होतं. ती अमेरिकन मसल कार एका डॉक्टरने आठ महिने चालवून परत विकली होती. लांब नाक, आठ सिलिंडर, आणि वर सुपरचार्जर.

कागद झाल्यावर ते माझ्या टेबलाशी बसले. "देशकर, आता वॉरंटी म्हणजे काय ते मले नीट सांग."

मी सांगितलं. दोन वर्षं शिल्लक आहेत. इंजिनात काही बिघडलं तर कंपनी देईल. पण गाडीतला एकही भाग बदलला, तर कंपनी हात वर करायला मोकळी.

"म्हणजे गाडी माझी, पाना त्यांचा."

"दोन वर्षं पाना त्यांचाच राहू द्या, साहेब. मग काय ते करा."

त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. बोटं थरथरत होती. फार नाही, पण लेथवर तेवढंही चालत नाही. "मी अडुसष्ट वर्षांचा आहो," ते म्हणाले. "दोन वर्षांनी वॉरंटी संपन. हात राहीन का?"

मी पावती दिली.

त्यांना काय करायचं होतं ते साधं होतं. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, पट्ट्यावर फिरतो. त्याची पुली, म्हणजे पट्टा चढतो ते चाक, लहान केली की पंखा जास्त जोरात फिरतो आणि गाडीची ताकद वाढते. लहान पुली बाजारात तयार मिळते, पण त्यांना स्वतः कातायची होती. गोविंदपुऱ्यात एका जुन्या सोबत्याचा लेथ होता. तिथे दीड महिना रोज जाऊन, चार पीस टाकून देऊन, पाचवा त्यांनी मनासारखा केला. टाकून दिलेल्या चारांवरही ४१७ होता. पाचव्यावर तर होताच, पुढच्या तोंडावर, बॉनेट उघडलं की पहिल्यांदा तोच दिसे. मूळ पुली तेलाच्या कागदात गुंडाळून त्यांनी फळीवर ठेवली.

वसाहतीतून ती गाडी बाहेर काढणं हा एक तमाशा असे. गतिरोधकावर तिचं पोट घासायचं. म्हणून साहेबांनी डिकीत दोन फळ्या ठेवल्या होत्या. गतिरोधक आला की उतरायचं, फळ्या लावायच्या, गाडी चढवायची, उतरवायची, परत उतरून फळ्या उचलायच्या. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत सहा गतिरोधक. सायकलवरचा दूधवाला त्यांना मागे टाकून जायचा आणि जाता जाता म्हणायचा, "चचा, पीछे बैठ जाओ, छोड़ देता हूँ." साहेब शांतपणे फळ्या उचलायचे.

मला त्यांनी एकदाच बसवलं, भोजपूरच्या रस्त्यावर, पहाटे. मला वाटलं होतं म्हातारा आता जीव घेणार. पण ते साठच्या वर गेले नाहीत. मग मोकळा पट्टा आला, पुढेमागे कोणी नव्हतं, आणि त्यांनी पाय दाबला. पंख्याची शीळ वाढत गेली, पाठ सीटला चिकटली. त्यांनी वेगाच्या काट्याकडे पाहिलंही नाही. मान कलती करून ते ऐकत होते, लेथवर बेअरिंग ऐकायचे तसे. दहा सेकंदांत पाय काढला.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. पुली डगमगते का ऐकून राहिलो होतो. नाही डगमगत."

परतताना त्यांनी मला पोहे खायला घातले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर काकू असतानाही पाहिलं नव्हतं. शाहपुऱ्याच्या घराचं त्यांनी काकूंना काय सांगितलं असतं, हा प्रश्न मी पोह्यांबरोबर गिळला.

गाडी दोनदा सर्व्हिसिंगला आली. दोन्ही वेळा मी बॉनेटखाली पाहिलं, ४१७ पाहिला आणि कागदावर लिहिलं, 'फेरफार नाही'. उपकार म्हणून. कोणी मागितला नव्हता.

वॉरंटीचे चार महिने उरले असताना इंजिन बंद पडलं. आमच्या वर्कशॉपमध्ये उघडलं. ऑइल पंपाच्या गिअरचा एक दात मुळापासून तुटला होता, तेल थांबलं होतं आणि इंजिन आतून खरवडलं गेलं होतं. साहेबांनी गिअर उजेडाकडे धरला आणि माझ्या हातात दिला. तुटलेल्या जागी, धातूच्या आत, मोहरीएवढी पोकळी होती. कड काळी पडलेली. म्हणजे गिअर गाडीच्या कारखान्यातूनच सदोष आलेला. हे समजायला इंजिनिअर लागत नाही. तीन महिन्यांच्या अप्रेंटिसला कळलं असतं.

मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मैडम, कल दिल्ली से इंस्पेक्टर आ रहा है. पुरानी पुली लगवा दो, क्लेम पास हो जाएगा. सबका भला." मी ते साहेबांना जाऊन सांगितलं. मूळ पुली घरी आहे, अर्ध्या तासाचं काम आहे, पंप तर खराबच होता, यात खोटं काय, असंही सांगितलं.

साहेब माझ्याकडे वळले. "तू म्हणून राहिली हे?"

"इंजिनाचा खर्च तुम्हाला झेपणार नाही, साहेब."

"नाही झेपत. पण पुली मी लावली. ती मी दडवणार नाही. मोडला तो पंप. दोन्ही लिही. मग नाही दिलं तर नाही दिलं."

दोन्ही लिहिणं मॅनेजरना चालणार नव्हतं. पंप सदोष आणि पुली बदललेली, असा कागद गेला असता तर दिल्लीने विचारलं असतं की बदललेली पुली दोन सर्व्हिसिंगमध्ये दिसली कशी नाही. त्या दोन्ही कागदांवर सही माझी होती. मुलगी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, नवऱ्याची नोकरी सुटलेली होती. मॅनेजरनी सुचवलं ते मी लिहिलं: गिऱ्हाइकाने अलीकडेच बसवलेल्या पुलीच्या ताणामुळे पंप तुटला, सबब दावा अमान्य. पोकळीचा उल्लेख नाही. खाली सही केली. दावा आम्हीच फेटाळल्यामुळे दिल्लीचा इन्स्पेक्टर आलाच नाही.

साहेबांनी कागद उभ्यानेच वाचला. मला वाटलं ओरडतील. त्यांनी सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काम तुझंच ना?"

मी म्हटलं, "हो."

"ठीक आहे," ते म्हणाले, कागद घडी करून पिशवीत घातला आणि गेले. आमचं बोलणं तिथे संपलं. मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा मी केला नाही. माझ्या स्वभावाला ते सोयीचं होतं.

गाडी काढलेल्या भागांसकट क्रेनवरून घरी गेली. त्यांनी इंजिन उतरवून, एकेक भाग धुऊन, चिठ्ठ्या लावून ठेवला, स्वतः बांधायचं म्हणून. हात तोवर गेले होते. शेजारीण सांगत होती, रोज सकाळी गॅरेज उघडायचे, खुर्ची टाकून बसायचे, दुपारी बंद करायचे. तीन वर्षं. मुलाने आता गाडी सुट्या भागांसाठी विकली आहे. लोक म्हणतात, म्हाताऱ्याने वॉरंटी संपेपर्यंत धीर धरला असता तर बरं झालं असतं. मीही त्यांना तेच सांगितलं होतं. पण धीर धरून पुली झाली नसती, आणि तो पंप तसाही तुटणारच होता. माझ्या टेबलावर रोज माणसं विचारतात, ताकद घेऊ की वॉरंटी सांभाळू. मी सांगते, वॉरंटी सांभाळा. बरोबरच सांगते. कागदाच्या या बाजूला बसून कोण काय लिहितं, ते मात्र मी त्यांना सांगत नाही.

आज शेवटचा कप्पा उघडला. त्यात तेलाच्या कागदात दोन पुड्या होत्या. एकीत तो अप्रेंटिसच्या काळातला बुश, ३८ ठोकलेला. मला वाटत होतं त्यांनी तो कधीच भट्टीत टाकला असेल. दुसरीत तुटलेला गिअर. तो घासून लख्ख केलेला होता, पोकळी स्पष्ट दिसत होती. त्यावर काहीच ठोकलेलं नव्हतं. साहेब दुसऱ्याचा नंबर कधी ठोकत नसत. ज्याचा त्याने ठोकायचा.

पंचांचा डबा मी खोक्यात भरला नाही, पिशवीत टाकला. गिअरही.

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी साडेआठला शोरूम उघडलं. वर्कशॉपच्या ऐरणीवर गिअर ठेवला आणि तीन ठोकला, मग आठ. गिअरचं पोलाद कडक, पंचाचं तोंड थोडं बसलं, पण अंक वाचता येतात. मग टेबलावर बसून त्या जुन्या दाव्याचा दुसरा अहवाल लिहिला. त्यात पोकळी लिहिली, पुली लिहिली, दोन सर्व्हिसिंगचे माझे कागद खोटे होते तेही लिहिलं, सही करून दिल्लीला पाठवला आणि एक प्रत कॅनडाला. गिअर टेबलावर, गिऱ्हाइकाच्या खुर्चीसमोर ठेवला.

दहा वाजता मॅनेजर आले. "ये क्या रखा है, मैडम?"

"मेरा बिगाड़ा हुआ पीस," मी म्हटलं. "एक हफ़्ता यहीं रहेगा."

ते काही बोलण्याआधी पहिलं गिऱ्हाईक आत आलं. मी त्याला खुर्ची दिली.