ओटीतला रुपया

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत पहिल्यांदा आपटले, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "अजून एकदा बस. नाहीच जमलं तर स्थळं पाहू." स्थळं! मी त्याच रात्री पुस्तकं पुन्हा बाहेर काढली. मग वर्षभर घमापूरचं घर नि नेपियर टाउनचा क्लास, बस्स. लग्नकार्य बंद, मैत्रिणी बंद. रात्री पाठ केलेलं सकाळी आठवायचं नाही, आणि मी आईवर खेकसायची. ती पोहे पुढ्यात ठेवून निघून जायची.

परीक्षेच्या दिवशी मे महिन्याचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. फाटकावर झडती सुरू होती. अर्ध्या बाह्या, साधी चप्पल, दागिना नाही, धागा नाही, सगळं मी पाळलं होतं. तरी तपासणाऱ्या बाईंचं यंत्र माझ्या गुडघ्यापाशी आलं की टीं टीं करायचं.

"क्या रखा है, बेटा?"

"कुछ नहीं, मैडम! सच में!"

पुन्हा टीं टीं. "साइड में हो जाओ," त्या म्हणाल्या. मागच्या मुली भराभरा आत चालल्या. चौकीदार कुलूप घेऊन उभाच होता. मी रडकुंडीला आले. गेलं वर्ष पाण्यात, आता खुशाल पोहे करून दाखवा पाहुण्यांना!

तेवढ्यात मला सोडायला आलेली आई कठड्यापलीकडून किंचाळली, "अगं, कुर्त्याचा काठ! काठ बघ!"

चाचपला तर दुमडीत काहीतरी गोल, टणक. नवरात्रात आमच्याकडे देवीची ओटी भरतात, खण, नारळ आणि वर एक रुपया. पुजाऱ्यानं प्रसाद म्हणून परत दिलेला तो रुपया आईनं आदल्या दिवशी माझ्या कुर्त्यात शिवून टाकला होता. हातात काही बांधू देत नाहीत म्हणून!

"काहून शिवला तू?" मी भर रस्त्यात ओरडले. "जीव घेऊन राहिली का माझा?"

आईची शिवण पक्की, नखानं काही उसवेना. शेवटी दातांनी टरकन फाडली, रुपया तिथंच टाकला आणि आत पळाले. कितीतरी वेळ मला प्रश्नातली अक्षरंच दिसत नव्हती.

रोज आई लावायची तो देवापुढचा दिवा त्या दिवसापासून बाबा लावायला लागले. आई म्हणायची, कंबर दुखते. मी माझ्याच काळजीत होते. निकाल काठावरचा लागला, प्रवेशाच्या पहिल्या फेरीत काहीच हाती आलं नाही. बाबांनी कुण्या मुलाचा फोटो कपाटावर आणून ठेवला. मी येता-जाता तो पालथा घालायची.

दुसऱ्या फेरीची यादी दिवेलागणीला आली. सरकारी कॉलेज! मी ओरडले तसे बाबा हातातली काडेपेटी घेऊनच धावत आले. आई कणीक मळत होती. ती ना हसली ना उठली.

"म्हणजे माझ्या रुपयानं काही बिघडलं नाही ना गं?" तिनं विचारलं.

"नाही गं आई, काहीच नाही."

तशी ती कणकेच्या हातांनीच तोंड झाकून हमसून हमसून रडली. मग उठली, हात धुतले आणि बाबांच्या हातातली काडेपेटी काढून घेतली.